‘वै. ह.भ.प.’ लिहिलं, की आबा कुठे जातात?

पत्र

सप्रेम नमस्कार.

आमचे आबा गेले त्याला येत्या कार्तिकात वर्ष होईल. वय ८२. आमचं गाव माण तालुक्यातलं. आबा १९६२ साली मुंबईला गेले आणि गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागले. १९८२ च्या संपानंतर ट्रंक आणि टाळ घेऊन कायमचे गावी आले. गळ्यात तुळशीची माळ. एकादशी कधी मोडली नाही. मुंबईत होते तेव्हा रजा टाकून आळंदीपासून चालायचे, गावी आल्यावर फलटणला माउलींच्या पालखीत सामील व्हायचे. २०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, तेव्हा पंधरा दिवस रोज अंगणात तुळशीभोवती चालले. आई कट्ट्यावर बसून फेऱ्या मोजायची, एका फेरीला ज्वारीचा एक दाणा.

वर्षश्राद्धाला भाऊ कीर्तन ठेवणार आहे आणि ३२ पानांची स्मरणिका काढणार आहे. पुढे हरिपाठ, मागे आबांचं जीवनचरित्र. मी प्राथमिक शिक्षिका, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. तीनदा बसले. पहिल्यांदा जे झालं ते कुणाच्याही वडिलांना चिकटवता आलं असतं. दुसऱ्यांदा शाळेचा निबंध झाला. तिसऱ्यांदा कागदावर नुसती तक्रार उतरली, ती मी फाडून टाकली.

तक्रार ही. ८२ साली मी सहावीत होते. घरात पगार नाही, आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. आषाढी जवळ आली आणि आबा वारीला निघून गेले. त्याच पंधरवड्यात आईने कानातली फुलं मोडली. आबा रागीटही होते. भावाला एकदा फार मारलं होतं. आता सगळे म्हणतात ‘देवमाणूस गेला’, ‘नाम घेत गेला’. खरं सांगायचं तर आबांचे शेवटचे शब्द होते, ‘मोटर बंद केली का?’

भाऊ म्हणतो, गोड लिही. आई काहीच म्हणत नाही. मला आबांची फार आठवण येते आणि तरीही हे असं सुचतं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहिणं पाप आहे का? आणि एक, आबांची अभंगांची वही आहे. शाई फिकट होत चालली आहे. लॅमिनेट करून घेऊ का? वहीच्या मागच्या पानांवर कसले तरी आकडे आहेत, ती पानं बाजूला काढावीत असा विचार आहे.

— एक लेक

उत्तर

ताई,

तुम्हाला लिहिता येत नाही, असं तुम्ही म्हणता. मला तर ‘मोटर बंद केली का?’ पाशी हसू आलं आणि पुढच्याच क्षणी डोळे भरले. तुमच्या आबांना मी कधी पाहिलं नाही, पण माणदेशात पाण्याची किंमत काय आणि विजेची वेळ काय, हे ठाऊक असलेला, अंथरुणावरून कान विहिरीकडे लावून पडलेला एक म्हातारा मला दिसला. जो मजकूर तुम्ही तीनदा बसून लिहू शकला नाहीत, तो मला पाठवलेल्या पत्रात लिहून बसला आहात.

पापाचं आधी सांगते, म्हणजे तुमच्या मनावरचं ओझं उतरेल. नाही, पाप नाही. का नाही, ते पुढे येईलच.

गाव जेव्हा ‘देवमाणूस’ म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. गावाने आबांना जिथे पाहिलं तिथे ते तसेच होते: काकड्याला, सप्ताहात, दिंडीत, कुणाच्या तरी तिरडीला खांदा देताना. गावाचा संबंध माणसाच्या उजळ बाजूशी आला. तुमचा चोवीस तासांशी आला. शिवाय गेलेल्या माणसाविषयी बोलायचे आपले शब्दच ठरलेले आहेत. मनमिळाऊ, परोपकारी, धर्मपरायण, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, नातवंडे असा परिवार आहे’. वर्तमानपत्राला चार ओळींत उरकायचं असतं, त्याला हे शब्द ठीक. चौकातल्या फ्लेक्सलाही ठीक, तिथे माणसापेक्षा खालच्या शुभेच्छुकांची नावं मोठी असतात. पण नावाआधी ‘वै. ह.भ.प.’ (वैकुंठवासी हरिभक्तपरायण) ही चार अक्षरं लागली आणि खाली ‘धर्मपरायण’ आलं, की मधला माणूस गळून पडतो. मग तो फोटो कुणाचाही असू शकतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, हात पोळून घेऊन सांगते. माझे थोरले मामा असेच माळकरी. ते गेल्यावर स्मरणिकेत मी दोन पानं लिहिली. भक्ती, त्याग, सेवा, सगळं घातलं. लोकांनी कौतुक केलं. मामीला वाचून दाखवलं. ती डाळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘छान लिवलंस गं. कोन म्हनायचं हे?’ मामा दशमीला चाळीस वारकऱ्यांना जेवायला घेऊन यायचे हे मी लिहिलं होतं. चाळीस जणांच्या भाकरी कुणी थापल्या, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. ती स्मरणिका अजून माझ्याकडे आहे. उघडत नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या कागदाला मी नुसती तक्रार म्हणणार नाही. तो फाडायला नको होता, पण असो.

आता तुमच्या आबांना कदाचित रुचलं नसतं असं उदाहरण देते, कारण ते वारकऱ्यांकडचं नाही, महानुभावांकडचं आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेले. मागे राहिलेल्यांना प्रश्न पडला तोच तुम्हाला पडला आहे: या माणसाला आता धरून कसं ठेवायचं? म्हाइंभट नावाचा एक विद्वान पंडित होता. त्याने स्वामींवर स्तोत्र रचून मोकळं व्हावं, एवढी त्याची विद्या होती. त्याने तसं केलं नाही. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या बायका-पुरुषांकडे तो गेला, एकेकाला विचारलं, ऐकलं ते स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतलं आणि लिहिलं. त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं, मराठी गद्याचा आपला पहिला मोठा ठेवा. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण स्वामी कुठल्या गावी कुठल्या देवळात उतरले, काय जेवले, कुणाला काय बोलून गेले, हेही आहे. ज्यांना ते ईश्वराचा अवतार मानत होते त्यांच्या जेवणाचं लिहिताना त्या लोकांना संकोच वाटला नाही. पुढे मूळ पोथी धाडीत गेली. मग शिष्यांनी पाठ होतं त्यावरून ती पुन्हा उभी केली, आणि जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे एकाची खोडून दुसऱ्याची ठेवली नाही. अमका असं म्हणतो, तमकी असं म्हणते, अशी नोंद करून दोन्ही ठेवल्या.

तुम्ही एवढंच करा. ‘आबा कसे होते’ हे लिहायला बसू नका. विचारत सुटा.

कुणाला? दिंडीतल्या लोकांना विचारा, पण ‘आबांविषयी काही सांगा’ म्हणू नका, तसं म्हटलं की माणूस बसल्या जागी प्रवचन सुरू करतो. विचारा, आबा मुक्कामाला कुणाशेजारी पथारी टाकायचे? घोरायचे का? वाटेवरच्या बरड गावापुढे ऊन तापलं की काय करायचे? रिंगणात धावायचे, की पिशव्या सांभाळत कडेला थांबायचे? पाय सुजले तर कुणाकडून तेल मागून घ्यायचे? वारीची वाट प्रत्येकाची तीच असते. आळंदी, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. त्या वाटेवर लाखो चालतात, म्हणून ‘आबा नित्यनेमाने वारी करत’ या वाक्यात आबा नाहीत. पथारीत आहेत, पिशवीत आहेत.

मुंबईच्या वीस वर्षांचं तुमच्या पत्रात एक वाक्य आहे. मला वाटतं, तुमच्या मजकुरातली मोठी मोकळी जागा तीच. माण-खटावचा माणूस बहुधा गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. एका गाळ्यात वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचे, एक उठून कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा. जेवण खानावळीवाल्या बाईकडे. त्या गर्दीत आबांनी देवाला जागा कुठे केली होती? एकादशीच्या दिवशी खानावळीत काय मिळायचं? साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे ते मनात अभंग म्हणायचे का? हे सांगणारा त्या खोलीतला एखादा म्हातारा अजून हयात असेल. कार्तिकापर्यंत थांबू नका, याच आठवड्यात त्याला गाठा. त्याचबरोबर ट्रंकही उपसा. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, हजेरीचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, काहीही. (आडून एक सांगते. गिरणी कामगारांच्या वारसांना म्हाडाची घरं मिळण्याच्या कामीही हेच कागद लागतात. अर्ज केला होता का, हे भावाला विचारा. जुने कागद आहेत म्हणून आधी चुलीत घालू नका.)

आता ८२ सालाकडे येऊ. मला माहीत आहे, तुम्ही पत्र त्याचसाठी लिहिलंत.

संप १८ जानेवारीला सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि हा लढा वर्ष ओलांडेल असं त्या दिवशी कुणाच्या मनातही नव्हतं. आषाढी आली तेव्हा पाच महिने उलटले होते. गिरणीत साचे चालवणारा चाळिशीला टेकलेला माणूस कोरडवाहू गावात परत येतो. मनीऑर्डर पाठवणारा म्हणून घरात जो मान होता तो गेलेला. बायको खडी फोडायला जाते आणि हा घरी. त्या माणसाने वारीला जाणं म्हणजे काय होतं? पळ काढणं? नवस? की त्या वर्षी जगात एकच जागा अशी उरली होती जिथे त्याला कुणी ‘संपाचं काय झालं’ असं विचारत नव्हतं, फक्त ‘माउली’ म्हणून पाया पडत होतं? वारीच्या वाटेवर गावोगावी अन्नदान असतं. त्या पंधरवड्यात घरातलं खाणारं एक तोंड कमी झालं, असाही हिशेब त्यांच्या किंवा आईच्या मनात असेल.

मी त्यांची वकिली करत नाही. आईच्या कानातली फुलं गेली ती गेलीच. त्या पंधरवड्याचं खरं मला ठाऊक नाही आणि, राग मानू नका, तुम्हालाही नाही. तुम्ही सहावीत होतात. सहावीतल्या मुलीला रिकामे कान दिसतात, आदल्या रात्री चुलीपुढे काय बोलणं झालं ते ऐकू येत नाही. ते एकाच माणसाला ठाऊक आहे आणि ते माणूस काहीच बोलत नाही, असं तुम्ही लिहिता.

आईकडे जाण्याआधी आबांच्याच परंपरेतली एक गोष्ट आठवा. दुष्काळात तुकोबांचं घर उद्ध्वस्त झालं, बायको गेली, मूल गेलं. सावकारी घराण्यातले होते, लोकांकडच्या येण्याची खतं घरात होती. ती इंद्रायणीत बुडवायला निघाले. तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला संसार आहे. तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या, भावाची अर्धी खतं त्याला दिली आणि आपली अर्धी तेवढी बुडवली. कीर्तनात ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. मला त्यात वाटणी मोठी वाटते. स्वतःचं बुडवायला तुकोबा मोकळे होते, भावाचं नव्हे. वारकरी पंथ घरादाराचा आहे. नामदेव, सावता, गोरोबा, एकनाथ, सगळे बायकामुलांतले, हाताला काम असलेले. रानात जा असं या पंथाने कधी सांगितलं नाही. तेव्हा आबांची भक्ती घराच्या मापाने मोजली तर तुम्ही बाहेरचं माप लावत नाही, त्यांच्याच पंथाचं लावता. आबांनी ८२ साली कुणाच्या वाटणीचं बुडवलं, की स्वतःच्याच, हा प्रश्न त्यांना समोर बसवून विचारता आला असता तर त्यांना तो कळला असता. रागावले असते, पण कळला असता.

आणि पापाचं म्हणाल, तर तोच कान्होबा. तुकोबा गेल्यावर त्याने जे अभंग केले ते गाथेत छापलेले आहेत, आबांच्या कपाटातल्या गाथेतही असतील. काढून वाचा. गोडगोड निरोप नाही तो. देवाला शिव्या घालतो, धमकावतो, माझा भाऊ मला परत दे म्हणून हट्ट धरतो. धाकट्या भावाचा तो संताप संप्रदायाने तीनशेहून अधिक वर्षं सांभाळून ठेवला, पोथीबाहेर काढला नाही. तिथे तुमच्या आईच्या कानातल्या फुलांना जागा मिळणार नाही, असं समजू नका.

तर आई. समोर फोन ठेवून, रेकॉर्डिंग लावून, ‘आई, आबांविषयी बोल’ असं करू नका. ती पदर सावरून बसेल आणि ‘लई चांगले होते’ म्हणून थांबेल. शेंगा फोडायला बसा. निवडायला काही नसेल तर आणा. हात चालू असले की आपल्याकडच्या बायका बोलतात, नजर खाली असते म्हणून बोलणं सोपं जातं. सुरुवात ८२ पासून करू नका. ज्वारीच्या दाण्यांपासून करा. ‘आई, तू दाणे मोजायचीस, ते नंतर कुठे जायचे गं?’ एवढं विचारा. चिमण्यांना घालायची की परत कणगीत टाकायची, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. त्या दाण्यांवरून ती बहुतेक सगळीकडे जाईल. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शेंगा. फुलांचा विषय तिने काढला तरच काढा. आणि ती म्हणाली की ‘मीच म्हनलं जा’, तर तेही तसंच लिहा, त्यावर स्वतःचा निकाल चढवू नका. ती म्हणाली की ‘त्या वर्सी लई रडले मी’, तर तेही तसंच. दोन्ही म्हणू शकते. चाळीस वर्षांत दोन्ही खरं होतं.

ती म्हणाली, ‘हे छापू नगंस’, तर छापायचं नाही. तिथे तुमच्या प्रामाणिकपणापेक्षा तिचा शब्द वर. वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, नातवंडांसाठी. प्रत्येक खरी गोष्ट हरिपाठाशेजारी छापून तीनशे घरांत वाटायलाच हवी, असं कुणी सांगितलं?

भावाला मारल्याची गोष्टही तशीच. ती तुमची नाही, त्याची आहे. पाठ त्याची होती. तो स्वतः लिहील तर त्याच्या नावाने अर्धं पान द्या. नाही म्हणाला तर सोडून द्या. तो ‘गोड लिही’ का म्हणतो, याचाही विचार करा. तो धाकटा असेल तर त्याला गावी परतलेले आबा मिळाले, रोज संध्याकाळी घरी असणारे. तुमच्या लहानपणीचे आबा वर्षातून दोनदा येणारे, त्यातली एक खेप विठोबाची. मला वाटतं, वारीवरचा तुमचा राग ८२ च्या आधीपासूनचा आहे. गिरणीची रजा मोजून मिळायची आणि ती देवाला जायची. हे लिहिलंत तर मात्र सरळ लिहा, ‘मला वाटायचं, ही रजा आमची आहे.’ एका ओळीत. याहून जास्त लिहिलंत तर वाचणाऱ्याला आबांऐवजी तुम्ही दिसू लागाल.

लिहिताना शेवटापासून सुरू केलंत तरी चालेल. ‘मोटर बंद केली का?’ हे पहिलं वाक्य होऊ शकतं. गाव म्हणतं, नाम घेत गेले. त्यांना म्हणू द्या, कीर्तनकार बुवाही तेच म्हणतील, मांडवात उठून दुरुस्ती करायला जाऊ नका. तुम्ही कागदावर मोटर ठेवा. पंढरपूर आणि विहीर, दोन्हींकडे एकदम लक्ष असलेला हा माणूस होता आणि तुम्हाला त्याच्याविषयी जे लिहायचं आहे ते या दोहोंच्या मधल्या वाटेवर पडलेलं आहे.

फोटो छापाल तो फेटा-गंध लावून स्टुडिओत काढलेला नको. ओळखपत्रावरचा सापडला तर तो घ्या, अस्पष्ट असला तरी.

वहीचं आता. लॅमिनेट अजिबात करू नका. उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ते पुन्हा सोडवता येत नाही आणि आत कागद खराब होत राहतो. फाटलेल्या पानाला सेलोटेपही नको, काही वर्षांनी पिवळी पडून ती अक्षरांसकट निघते. दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, खिडकीपाशी वही उघडी ठेवा आणि फोन वर सरळ धरून एकेका पानाचा फोटो काढा. कोरी पानंसुद्धा, क्रमाने. फोटो दोन-तीन ठिकाणी ठेवा, भावाकडे एक. मग वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, देव्हाऱ्यात नको. तिथे तेल, धूर, कुंकू आणि मुंग्या. आबांना देव्हाऱ्यातच शोभेल असं भाऊ म्हणेल. त्याला वहीच्या मुखपृष्ठाची फोटोप्रत चौकटीत घालून द्या.

आणि ती मागची पानं. ती तुम्ही काढणार होतात हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. माळकऱ्याच्या वहीत पुढे अभंग आणि मागे आकडे, याचा अर्थ एकच वही दोन्हींना पुरवायची होती. त्या आकड्यांपुढे काही अक्षरं आहेत का पाहा. उधारी असेल, दिंडीची भिशी असेल, कुणाचं देणं असेल. कुठे साल असेल तर तेही बघा. आकड्यांवर आडवी रेघ मारलेली आहे का, ते नीट पाहा. रेघ म्हणजे फेडलं. मग ती पानं घेऊन आईपाशी बसा. तिला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, एकेक आकडा सावकाश, आणि थांबा. सोनाराचं नाव त्यात निघालं तर तुमचा तिसरा कागद तुम्हाला पुन्हा लिहावा लागेल. निघालं नाही तरी वाण्याचं निघेल, आणि तो वाणी कोण होता, आपल्या दारात येऊन काय बोलला होता, ते ती सांगेल.